कंपनीनं दिलेला माणूस

बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते. नोकरीबाहेरचं माझं एक काम मात्र कंग्राळीला, माझ्या गावी, घरी कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. एखादा प्रोग्रॅम आणि त्याचा डेटाबेस यांच्यात निरोप्याचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. असा एक ड्रायव्हर आम्ही तिघं सांभाळतो. तो सगळ्यांसाठी खुला आहे. कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. बाकीचे दोघं परदेशात असतात.

एक दिवस एका मोठ्या कंपनीची मेल आली. तुमचा ड्रायव्हर आम्ही वापरतो, आमचा एक इंजिनिअर पूर्ण वेळ तुमच्या मदतीला देतो. दोघं सोबती खूश झाले. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

रविवारी घरी माझे वडील, आप्पा, शेंगा फोडत बसले होते, त्यांना सांगितलं.

"फुकट माणूस देत्यात?"

"व्हय."

"मग त्येस्नी काय पायजे, ते लिवलंय काय?"

"न्हाय."

"इचार की गं मग."

विचारलं. उत्तर आलं, काही नको, ड्रायव्हर नीट चालत राहावा एवढंच. ते वाचून मी जास्तच सावध झाले.

इंजिनिअर ऑनलाइन रुजू झाला. अगदी अदबीनं लिहायचा. त्याची पहिलीच दुरुस्ती वाचताना एक ओळ खटकली. उत्तराची वाट किती वेळ बघायची, तो आकडा त्यानं असा ठेवला होता की कंपनीचा डेटाबेस सुरळीत चालावा आणि इतरांचं संथ कनेक्शन मध्येच तुटावं. मी सगळ्यांसमोर लिहिलं, "ही कुणाची सोय?" तासाभरात उत्तर आलं, "तपासणी फक्त आमच्याच सर्व्हरवर केली होती. चूक झाली." त्यानं ती ओळ बदललीही.

चूक होती की डाव, मला ठरवता येईना. तेव्हापासून मी त्याला एकेका ओळीचा जाब विचारायला लागले. "तू त्याला आरोपी करून टाकलंयस," असं एका सोबत्यानं मला कळवलं. मला ते कळत होतं, तरी मी थांबले नाही.

काही महिन्यांनी त्यानं व्हिडिओ कॉल मागितला. दुपारच्या सुट्टीत मी रिकाम्या लॅबमध्ये बसले. पडद्यावर केस पिकायला लागलेला, थकलेला माणूस दिसला. तो सरळ मुद्द्यावर आला.

"नवी आवृत्ती जाहीर करण्याचा अधिकार वर्षभरात माझ्याकडे यावा, असं आमच्या साहेबांनी सांगितलंय. मी तो मागणार नाही, हे त्यांना कळवलंय. पण माझ्या जागी दुसरा आला तर तो मागेल."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

नवी आवृत्ती ज्याच्या हातात, ड्रायव्हर कुणाच्या सोयीनं चालणार तेही त्याच्याच हातात. माझा संशय खरा होता, पण मी तो चुकीच्या माणसावर घेतला होता.

त्याच आठवड्यात आम्ही तिघांनी नियम करून जाहीर केला, की तो अधिकार कुठल्याच कंपनीच्या माणसाकडे जाणार नाही. कंपनीनं वाद घातला नाही, मदतही थांबवली नाही. फक्त त्या माणसाला दुसऱ्या कामावर टाकलं. जाताना त्यानं निरोपाच्या दोन ओळी लिहिल्या. मी माफीची मेल पाठवली, ती परत आली. आमच्या कामासाठी दिलेला त्याचा पत्ता बंद झाला होता.

आता त्याच्या जागी एक मुलगी आहे. काम चोख करते. परवा तिनं विचारलं, "नव्या आवृत्त्यांना उशीर होतोय, त्यात हातभार लावू का?" तिला खरंच फक्त मदत करायची असेल. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.