खिशात खडू असलेले मास्तर

मास्तरांनी उभ्या जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नाही, पण त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम खडू असायचा. पांढरा, अर्धा झिजलेला. धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. येरवड्यात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लांबलचक भिंतीसमोर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. हेडलाइटचं काम झालं की ते गाडी त्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायचे, भिंतीवर खडूने आडवी रेघ मारायचे आणि उजेड रेघेच्या वर बोटभरही चढणार नाही असे स्क्रू पिळत बसायचे. गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं की म्हणायचे, "घाई असेल तर घेऊन जा. फक्त माझं नाव कुणाला सांगू नका." पुणेरी पाट्या फक्त पेठांतच असतात असं समजणाऱ्यांनी आमचे मास्तर बघायला हवे होते.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा हातात पैसा होता आणि डोक्यात हवा. सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी, नुकताच परदेशातून प्रोजेक्ट संपवून आलेलो. आल्या आल्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, लांब नाकाची, वयाने माझ्याहून दोन वर्षं मोठी. सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, "यात भाजीची पिशवी कुठे ठेवायची?" गाडी पळायची झकास. पण संध्याकाळ झाली की मला रस्ता दिसेनासा व्हायचा. दिवे कसले, समया आहेत, असं मी मास्तरांना सांगितलं आणि सगळ्यांत मोठ्या वॉटचे बल्ब बसवायला फर्मावलं. मास्तरांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, गाडी चांगली आहे, मालक नवीन दिसतोय.

मोठे बल्ब त्यांनी साफ नाकारले. उजेड आपल्याला दिसावं म्हणून असतो, समोरच्याचे डोळे फोडायला नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असले बल्ब मागणाऱ्या तरण्याताठ्या पोरांना ते दुकानातून हाकलून द्यायचे. मलाही हाकललं. मी पडलो शहाणा. बुधवार पेठेत जाऊन इंपोर्टेड बल्ब आणले आणि दुसरीकडून बसवून घेतले. चौथ्या दिवशी डॅशबोर्डमधून धूर निघाला. त्या जुन्या, केसाएवढ्या वायरींना एवढा भार झेपणार कसा? गाडी टो करून पुन्हा मास्तरांच्याच दारात. त्यांनी जळलेली वायर माझ्या हातावर ठेवली आणि चहा मागवला.

त्यानंतर त्यांनी दोन दिवस खपून सगळं वायरिंग नवं केलं. जाड वायरी, बेताचे हॅलोजन बल्ब, वेगळा फ्यूज आणि रिले. स्विच दाबला की रिले टिक करून वाजतो आणि थेट बॅटरीतून दिव्यांना करंट जातो. "टिक ऐकू आलं म्हणजे रिले चालला," मास्तर म्हणाले. "दिवा लागला असं नव्हे. दिवा लागला की नाही ते काचेवर तळहात ठेवून बघायचं. गरम लागला तर लागला. आम्ही उन्हात काम करणारी माणसं, उन्हात दिवा दिसतो कुठे?"

आणि तरीही मला दिसेना. अहो, काय सांगू! लोणी काळभोरला सुनीताचं माहेर. तिथून परत येताना सोलापूर रस्त्यावर, नुकतं कुठे अंधारलेलं, डाव्या बाजूने डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई चालली होती. मला ती दिसलीच नाही. सुनीता किंचाळली म्हणून मी स्टिअरिंग ओढलं. गवत बॉनेटवर सांडलं, बाई वाचली. ती शिव्या देत होती आणि मी मात्र दिव्यांनाच शिव्या देत होतो. खरं तर महिनोन्‌महिने मी थिएटरच्या अंधारात लोकांच्या मांडीवर बसत होतो, जिन्याची शेवटची पायरी चुकत होतो आणि हसण्यावारी नेत होतो. मनात एक किडा वळवळायचा. त्याला गप्प करायला मला उजेड हवा होता, आणखी उजेड.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी मास्तरांच्या दुकानात जाऊन आरडाओरडा केला. कामात खोट आहे, मोठे बल्ब घाला, नाहीतर बघतो. मास्तरांनी गाडी भिंतीसमोर लावली, दिवे लावले आणि खिशातला खडू माझ्या हातात दिला. इतक्या दिवसांत तो खडू त्यांनी कुणाच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. "उजेड कुठवर आहे तिथवर रेघ मारा," ते म्हणाले. मी भिंतीशी गेलो. परातीएवढा उजेडाचा गोळा मला स्वच्छ दिसत होता. त्याच्या दोन्ही टोकांना मी ठसठशीत रेघा मारल्या आणि म्हणालो, बघा, एवढाच आहे तुमचा उजेड.

मास्तरांनी खडू परत घेतला. माझ्या रेघेपासून ते डावीकडे चालत निघाले. एक पाऊल, दोन, पाच. दहाव्या पावलाला थांबले. तिथे मला मिट्ट काळोख दिसत होता. त्या काळोखातून खडू भिंतीवर घासल्याचा आवाज आला.

"इथवर आहे, साहेब. दिवे बरोबर आहेत. डोळे दाखवा."

मी भडकलो. तुम्ही वायरिंगवाले आहात, डोळ्यांचे डॉक्टर नाही, असलं काहीतरी बोललो. त्याहून वाईटही बोललो, ते इथे लिहवत नाही. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग दुकानात, बुद्धाच्या छोट्या मूर्तीखालच्या बाकड्यावर बसून त्यांनी मला त्यांच्या थोरल्या भावाचं सांगितलं. दादा एका कंपनीची बस चालवायचा. त्यालाही असंच दिसेनासं झालं आणि तोही धाकट्या भावाकडून दिवे बदलून घेत राहिला. मास्तरांना कळलं होतं. पण दादाची नोकरी जाईल, घर बसेल, म्हणून ते गप्प राहिले आणि बल्ब बसवत गेले. एका संध्याकाळी बसखाली सायकलवाला आला. दोन पोरांचा बाप.

"वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली," मास्तर म्हणाले. "तेव्हापासून आमच्या घरात सकाळी पंचशील म्हटल्याशिवाय चहा नाही. खोटं बोलणार नाही, असं मी रोज म्हणत होतो आणि रोज दादाला म्हणत होतो, बल्बच मंद आहे. तो माणूस मी मारला, साहेब. दादानं नाही."

मग ते उठले, गाडीतून हेडलाइटचा फ्यूज उपटला आणि खडूबरोबर खिशात टाकला. म्हणाले, आज गाडी इथेच राहू द्या, पुढे दिवसा चालवा, ऊन असेपर्यंत. घरी आज सांगा, नाहीतर उद्या मी येऊन सांगतो. मी पाया पडायचा बाकी राहिलो. नोकरी जाईल, मास्तर, आत्ता कुठे सगळं सुरू झालंय. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते, असं मला वाटतं. पण तिन्हीसांज झाली होती, माझ्या दिसण्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते दहा मिनिटांत सांगून झालं. डोळ्याच्या पडद्याचा आजार. आधी अंधारातलं जाणार, मग कडेचं, मग सगळंच. औषध नाही. तरी आम्ही काय काय केलं! गाजरं झाली, शेवग्याचा पाला झाला, केरळातलं तेल झालं, सुनीताने सोमवार धरले. मी रात्र रात्र दिवा लावून बसायचो, जणू उजेड साठवून ठेवता येतो. देवाला मी जे बोललो ते मास्तरांना बोललो त्यापेक्षाही वाईट होतं.

मास्तर मात्र येत राहिले. दर पंधरवड्याला, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. सुनीताला ड्रायव्हिंग शिकायला त्यांनीच लावलं आणि तिचं लायसन्स पाहून मगच तो फ्यूज तिच्या हातात दिला. हळहळणं नाही, धीर देणं नाही. लोक म्हणायचे, आज चेहरा बरा दिसतोय. मास्तर म्हणायचे, दाढी डाव्या गालावर राहिली आहे.

पुढे कारखान्याची ती भिंत पाडली. तिथे काचेची उंच इमारत झाली, आमच्यासारख्याच एका कंपनीची. मास्तर म्हणाले, काचेवर उजेडाची रेघ धरत नाही. नव्या गाड्यांचा दिवा बिघडला तर लोक अख्खा बदलतात, स्क्रू पिळून घ्यायला कोण बसतंय? दुकान बंद झालं तरी खिशात खडू होताच. शेवटचे आले तेव्हा माझ्यापुरता दिवसही गेलेला होता. त्यांनी दिवे लावले, माझा हात धरून खडू बोटांत दिला आणि पार्किंगच्या भिंतीवर मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवलं. "इथवर आहे," ते म्हणाले. त्यांना दम लागत होता. दोन महिन्यांनी ते गेले. येरवड्याच्या विहारात मी सुनीताचा खांदा धरून उभा होतो आणि लहान पोरासारखा रडलो. आता मला खरं कोण सांगणार, एवढंच मनात येत होतं. दुःखातही माणूस स्वतःपुरतंच बघतो.

गाडी अजून आहे. सुनीताही आता संध्याकाळची चालवत नाही, पण रविवारी आम्ही खाली जाऊन इंजिन सुरू करतो. परवा मी नेहमीसारखा स्विच दाबला. टिक झालं.

"लागले का ग?"

"लागले की," ती म्हणाली. जरा घाईने म्हणाली, असं मला वाटलं. मी काठी टेकत पुढे गेलो आणि काचांवर तळहात ठेवले. उजवी काच गरम होती. डावी गार, पावसाळ्यातल्या फरशीसारखी. किती रविवार सुनीता लागले म्हणत होती, मी विचारलं नाही.

मास्तर असते तर पार्किंगच्या तोंडापासूनच म्हणाले असते, "डावा गेलाय, साहेब."