अहरोनच्या विमानाचा नवस

"म्हणजे एलियाहू हन्नबीसारख्या प्रेषिताकडे तुम्ही हे मागितलंत? दुसऱ्याचं विमान पडावं म्हणून?" पनिना खवणीवरून उठली. अर्धा नारळ तिच्या हातातच राहिला.

"मागितलं. त्याने दिलंही," तिचा नवरा एलायजा म्हणाला. "नवस फेडायला नबीच्या नावाचं मलिद्याचं ताट हवंच. तू पोहे भिजव."

"माझे हात नाही लागायचे त्याला."

एलायजा अलिबागजवळच्या खेड्यातून मुंबईला विमानतळावर फिटर झाला, आणि तिथून एकोणसत्तर साली इस्रायलमध्ये, लोदच्या विमान कारखान्यात आला. तीस वर्षं विमानांची पोटं उघडून बसला. कारखान्यात नवा आलेल्या अहरोनला कानस धरायला त्यानेच शिकवलं. पुढे फोरमन झाला अहरोन, आणि एलायजा त्याच्या सहीसाठी ताटकळू लागला. हा विषय घरात काढायचा नाही असं ठरलं होतं. काढायचा तो एलायजाच, रोज जेवताना.

यंदा, २००३ साली, पहिल्या विमानाला शंभर वर्षं होत होती. निवृत्त कामगारांच्या क्लबने त्या काळच्या यंत्रांच्या छोट्या, उडणाऱ्या प्रतिकृती करायचं ठरवलं. चिठ्ठ्या टाकल्या. अहरोनला सायकलवाले राइट बंधू आले. एलायजाला आले लँगली, सरकारी पैसा मिळालेले थोर प्रोफेसर, ज्यांचं यंत्र त्या बंधूंच्या आधी नऊच दिवस नदीत पडलं होतं.

"इथेही मी नदीतच," तो घरी येऊन म्हणाला होता. अहरोनने पट्ट्या कशा घासल्यात, पंखांवर कापड किती ताणून चढवलंय, हे बघायला तो रोज क्लबात जाई आणि घरी येऊन अर्धं ताट टाकी. त्यातच एक दिवस नवस बोलून बसला.

काल क्लबच्या अंगणात चाचणी झाली. अहरोनचं विमान चार हात वर गेलं आणि नाकावर आपटलं. अहरोन तुकडे टोपीत गोळा करत होता.

"मलिद्याला जमलेले विचारणार, नवस कशाचा," पनिना म्हणाली. "काय सांगाल?"

"ऑर्लीच्या बढतीचा."

सोफ्यावरून त्यांची मुलगी ऑर्ली हिब्रूत म्हणाली, "मला यात ओढू नका, अब्बा. बढती झालेलीच नाही."

"आणि पडलं कसं ते?" पनिनाने विचारलं. "त्याची बायको सांगत होती, लेकरासारखं जपत होता."

एलायजा साखरेचा डबा उघडून परत लावत राहिला. "पुढच्या आडव्या पंखाची तार ढिली होती. नाक वर राहत नाही मग."

"तुम्हाला कधी दिसली?"

"उडवायच्या आधी."

"आणि बोलला नाहीत."

"फोरमनला मी काय सांगायचं?"

पनिनाने नारळ ओट्यावर ठेवला. "मग नबीने कुठे काय केलं? केलंत ते तुम्हीच. आणि मलिदा त्याच्या नावाने."

ऑर्लीने टीव्हीचा आवाज बंद केला. एलायजाने साखरेचा डबा फळीवर ठेवून दिला.

"मलिदा होणार नाही," शेवटी एलायजा म्हणाला. "उद्या सकाळी मी अहरोनकडे जातोय, विमान जोडून द्यायला. कोणी बरोबर यायचं नाही. आणि ते उडालं तर मी टाळ्या वाजवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."