झिंग्यांसाठी घातलेल्या वड्या

ही फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर पवनीच्या बाजारात तुम्हाला ती मसाला लावून ऐकायला मिळेल.

शाळेतून निवृत्त झालो आणि आसगावच्या शेततळ्यात झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, पाळायला लागलो. त्यांच्या खाद्यात सुक्या मासळीचं कूट लागतं. त्याचा वास? विचारू नका. पोतं अंगणात ठेवलं तरी वास अंथरुणात. शेवटी बायकोने बजावलं, "या घरात एक त हे पोतं राहील, नाही त मी."

मी बायको निवडली आणि संशोधनाला लागलो. मासळीऐवजी सोयाबीनची ढेप म्हणजे पेंड, तांदळाचा कोंडा आणि माशीच्या अळ्या वाळवून केलेलं पीठ. हसू नका, अळीत प्रथिनं भरपूर असतात. पण हे मिश्रण पाण्यात पडलं की विरघळायचं. मग आपण लाखोरीच्या डाळीच्या वड्या घालतो, तशा याच्याही घातल्या आणि खाटेवर वाळवल्या.

शेजारच्या खाटेवर बायकोच्या लाखोरीच्या वड्या. ती माहेरी लाखनीला गेलेली, आभाळ भरून आलं, म्हणून मीच दोन्ही खाटा आवरून डबे भरले. जन्मभर वड्या खाल्ल्या, पण आवरल्या कधी नव्हत्या.

महिनाभरात झिंगे असे फोफावले की माझी छाती फुगली. आता गावातल्या सगळ्या शेततळेवाल्यांनी माझंच खाद्य वापरावं, एवढीच इच्छा. त्यांना जेवायलाच बोलावलं. वांगं-वडीची भाजी होती. सगळ्यांनी मागून मागून खाल्ली. मी तर महिनाभर म्हणतच होतो, यंदा वड्या काही वेगळ्याच खमंग झाल्यात. बायको वडी खात नाही, तिचे गुडघे धरतात.

जेवून सगळे तळ्यावर आलो. मूठभर वड्या दाखवत माझं भाषण रंगात आलं होतं. बायकोने पुढे येऊन एक वडी उचलली, तोडली, हुंगली.

"हे त माही लाखोरीची वडी होय. झिंग्याले कायले टाकून राहिले?"

मग शेजारचे रामाजी हळूच म्हणाले, "गुरुजी, मंग आमी आता जेवलो ते काय होतं?"

"सोयाबीन," मी म्हटलं.

"अन्?"

"कोंडा."

"अन्?"

मी तळ्यातले झिंगे मोजायला लागलो. बायकोने वाक्य पूर्ण केलं, "अळ्या."

आता हे लोक मला तळ्यात ढकलणार, असं वाटलं. पण रामाजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"खाद्य त जमलं, गुरुजी. पण झिंगे कायले दाखवून राहिले? महिनाभरात तुमचं पोट किती सुटलं, तेच दाखवा ना."