रजेची जागा

चौदा एप्रिलची मिरवणूक झाली की आमचे दादा घरात टिकायचे नाहीत. दादा म्हणजे माझे वडील, जालिंदर फोटोवाले. कुंडलला त्यांचा छोटा स्टुडिओ होता, पण उन्हाळाभर त्याला कुलूप. मोटारसायकलच्या मागे रंगवलेला पडदा बांधायचा, पुढे कॅमेऱ्याची पेटी, आणि इस्लामपूर, कराड, उंब्रज करत गावोगाव हिंडायचं. यात्रांचे दिवस असत, घरं माणसांनी भरलेली. पडद्यावर काश्मीरचं तळं होतं. तो लिंबाच्या झाडाला टांगला की उसाच्या फडातून आलेली माणसंही तोंडाला पावडर लावून त्या तळ्याकाठी उभी राहायची. एकदा मी हट्टाने सोबत गेले होते. गावोगावच्या आयाबायांनी मला आंबे खाऊ घातले, आणि मी फ्रॉक पिवळा करून घरी आल्याबद्दल आईचा मार खाल्ला. तसा उन्हाळा मला पुन्हा मिळाला नाही.

आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. सगळं घर फोटोला जमलं तरी त्या एकाची रजा काही जमायची नाही. म्हणून दादा सगळ्यांना उभं करून मध्ये एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा ठेवायचे. लोक तिला रजेची जागा म्हणायचे. मग फौजीचा वर्दीतला फोटो बारीक कात्रीने कापून तिथे चिकटवायचा आणि त्या जोडकामाचा पुन्हा फोटो काढायचा. कुणाचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, कुणाचं डोकं बापापेक्षा मोठं व्हायचं. पण आया त्यावरून हात फिरवायच्या.

उंब्रजच्या पुढच्या एका वाडीतल्या चंद्राबाईंनी मात्र साफ नकार दिला. त्यांचा मुलगा नाथाजी तेव्हा सीमेवर होता. "कात्रीनं कापल्यालं लेकरू नको मला," त्या म्हणाल्या, "यील तवा उभा ऱ्हाईल." आणि शेजारी मोकळी जागा असलेला तो फोटो त्यांनी तसाच भिंतीवर लावला.

त्यानंतर दादा दर उन्हाळ्यात त्या वाडीला जात राहिले. नाथाजी कधी पेरणीला यायचा, कधी दिवाळीला. दादांच्या फेरीत कधीच नाही. पेन्शनीत आला तो पुण्याला सिक्युरिटीच्या नोकरीत गेला. तोवर घरोघरी मोबाईल आले, दादांचं बोलावणं थांबलं, स्टुडिओ बंद झाला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनचं नाव काढलं की दादा म्हणायचे, आता बघायचं काय राहिलंय? या प्रश्नाचा मला भयंकर राग यायचा.

या मे महिन्यात कळलं, की नाथाजी कायमचा घरी आलाय. दादा इस्लामपूरला माझ्या दारात पेटी आणि पडदा घेऊनच उभे. तेवढी एक जागा भरायची राहिलीय, म्हणाले, मग पेटी माळ्यावर टाक. मी म्हटलं, नाथाजीचा फोटो मागवून घ्या, फोनवर मिनिटात जोडून देते. मी गाडी काढली, तर ते कराड येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. वाटेत प्रत्येक गावाशी गाडी हळू घ्यायला मात्र हाताने खुणावत होते. झाडं त्यांना धड दिसत नव्हती, तरी पडदा कुठे टांगायचे ते त्यांना पाठ होतं.

चंद्राबाई अंगणातच बसल्या होत्या. दादांचा आवाज ऐकून म्हणाल्या, "आलास व्हय रं?" नाथाजीच्या मिशा पांढऱ्या झालेल्या, पाठ मात्र अजून ताठ. त्याचा मुलगा शिवतेजही फौजेत आहे. तो आज पोचायचा होता, पण सकाळीच त्याचा फोन आला होता, रजा रद्द झाली. नाथाजीने हे सांगितलं, तशी त्याची बायको राजेश्वरी चहाच्या निमित्ताने आत गेली.

दादांनी विटका पडदा टांगला. खुर्चीत चंद्राबाई, शेजारी, इतकी वर्षं मोकळ्या राहिलेल्या जागी, नाथाजी, आणि त्याच्या पलीकडे राजेश्वरी. "जवळ सरका. आज मधी फट नको," दादा म्हणाले. राजेश्वरी नवऱ्याकडे सरकली, तसा नाथाजीने तिला हाताने थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. हितं शिवतेजची जागा हाय." मग आईच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मी कवा कुणासाठी आशी जागा सोडली नव्हती. ती माझ्यासाठीच सोडल्याली आसायची. आयेनं दिस कसं काढलं आसतील, आज कळतंय."

चंद्राबाईंनी त्याचा हात धरून ठेवला. मी न राहवून राजेश्वरीला म्हटलं, वहिनी, शिवतेजचा फोटो द्या, फोनवर जोडते. तिने मान हलवली.

"नको. यील तवा उभा ऱ्हाईल."

दादा कॅमेऱ्यामागे बराच वेळ वाकून होते. मग दोन पावलं मागे सरले, मोकळी जागा नीट मध्ये घेतली आणि फोटो काढला.

परतीच्या वाटेवर मी पेटी डिकीत ठेवायला गेले, तर त्यांनी ती मांडीवर घेतली. उंब्रज मागे पडलं. तेव्हा रुमालाने डोळे पुसत ते म्हणाले, "प्रिया, त्या डोळ्याच्या डाक्टरला फोन लाव. पुढल्या उन्हाळ्यात मला नीट दिसाया पायजे."