तो भांग, ती भांग

रेल्वेतल्या बदलीने जयपूरला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या भाभीजी बायकोला बाजारात न्यायला आल्या. ही आतून म्हणाली, "रुकिए, भांग निकालके आती हूँ." भाभीजी दारातच हसत सुटल्या. "सवेरे-सवेरे भांग, बहनजी?" केसांतल्या भांगाला तिकडे मांग म्हणतात आणि भांग सरकारी ठेक्यावर विकत मिळते, हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढे कित्येक वर्षं भाभीजी तिला विचारायच्या, "आज निकाली क्या?"

मी निवृत्त झालो आणि आम्ही जयपूरच्या मानसरोवर भागातच राहिलो. हिचं वजन वाढलं होतं, साखरही. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात वैशाली नगरच्या एका डॉक्टरांनी नवी गोळी सुचवली. भूक कमी करणारी. लिहून देण्याआधी त्यांनी हिला विचारलं, "पहले कभी उदासी की तकलीफ़ रही?"

हिने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "नहीं जी, कभी नहीं."

खरं म्हणजे मुलगी झाल्यावर ही सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. ते आम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं. लोक वेडी म्हणतील, ही भीती. त्या दिवशी हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पर्स उचलली.

श्रावणात तीजेच्या सणाचं गोड घेवर आणलं, तर हिने हात लावला नाही. मला आनंद झाला. "गोळी लागू पडली!" असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. मग ती बोलेनाशी झाली. सकाळी केस नुसते मागे बांधायची. भांग पाडणं सुटलं. मला ते दिसत होतं, पण वजनही उतरत होतं. त्यामुळे नक्की कशाची काळजी करावी, तेच कळेना.

त्याच सुमारास मुलीने ऑफिसातल्या मुलाशी लग्न ठरवलं. दिवाळीआधी नोंदणी झाली. आई खुर्चीत बसून होती, फोटोतही तशीच दिसते. घरी आल्यावर माझी बहीण सर्वांसमोर मुलीला म्हणाली, "बघ, आईने तुझ्या लग्नाचा धसका घेतलाय." मी गप्प बसलो. मुलगी पुण्याला गेली आणि तिचं येणं कमी कमी होत गेलं.

दिवाळीनंतर केमिस्टकडे ती गोळी येईना. दुसरी मिळेल का, विचारायला मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. ते गंभीर झाले. परदेशात ती थांबवली होती. समजावताना म्हणाले, "अंकलजी, शरीर अपनी भांग ख़ुद बनाता है." मेंदूत तिची जणू कुलुपं असतात, ती त्यांची किल्ली. भूक, झोप, दुखणं, मनाचं स्वास्थ्य, बरंच काही त्यावर चालतं. ही गोळी ती कुलुपंच अडवून ठेवते. भूक जाते, पण कुणाकुणाचं स्वास्थ्यही जातं. "इसीलिए तो पूछा था."

मला काही सुधरेना. ते कुठली भांग सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर हिचे विस्कटलेले केस. तो भांग, ती भांग. बसमध्ये बसूनही माझा गोंधळ चालूच होता.

संक्रांतीला ही अचानक म्हणाली, "अहो, गोड फिणी नाही का आणली यंदा?" आणि थोड्या वेळाने, "भांग सरळ पडलाय का बघा." मी बघितलं. सरळ होता. तेव्हा मुलीला फोन करायला हवा होता. केला नाही.

ही जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा मुलीला सगळं सांगितलं. तिचं तेव्हाचं ते मिटून जाणं गोळीनेच झालं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. लग्नाचं दुःखही असेल थोडं, जुना आजारही उलटला असेल. मला अजून उलगडत नाही. पण डॉक्टरांसमोरचं 'नहीं जी' माझं होतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, मतलब, आत्या बोलली तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?"

"हो."

"चहा पीत होतात."

"हो."

"हे लिहून द्या. आत्यालाही वाचू दे."

म्हणून लिहिलं. मुलगी जयपूरच्या हिंदी शाळेत शिकली, मराठी अडखळत वाचते. तिला थांबावं लागू नये म्हणून वाक्यं लहान ठेवली आहेत.