ड्रॉवरमधलं प्रमाणपत्र

डिंकाचा वास आला की मला नगरपरिषदेच्या आस्थापना शाखेतले माझे जुने दिवस आठवतात. तिथं सगळ्या कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं मी सांभाळायचे. माझ्याबरोबरच नोकरीला लागलेली, कुरुंद्याहून बसनं येणारी एक जण विभागीय परीक्षा पहिल्याच खेपेला पास झाली. मी तिसऱ्या खेपेला. बढतीची जागा एकच होती, आणि तिचा कागद नसता तर ती मला मिळाली असती. तिचं प्रमाणपत्र सेवापुस्तकात चिकटवायचं सोडून मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. बढतीची यादी जायच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, “ताई, ऱ्हाऊ द्या. तुमी काहून तकलीफ करून घेता? पुढच्या साली बघू.” तिचा तो शांतपणा मला असा झोंबला, की मी रागानंच ड्रॉवर ओढला, “हे बघ, सापडलं,” म्हणाले आणि तिच्यासमोर नोंद केली. बढती तिला मिळाली. आता ती माझी साहेब आहे. नव्या लोकांना कौतुकानं सांगते, “या ताईनं माझा कागद हुडकून दिला.” मी खाली बघते. तिच्या खुर्चीचा हेवा केव्हाच सरला. माणसावर असा विश्वास तिला ठेवता येतो, याचा हेवा मात्र अजून वाटतो.