अध्यक्षांना फेटा मिळाला, माईक मिळाला न्हाई

मंडळी, डोकं लई तापलंय, म्हणून मोबाईलसमोर बोलून ही पोस्ट टाकतेय.

मी बत्तीस वर्षांची हाय. लोक मला मतिमंद म्हणतात. आमच्या मेणबत्तीच्या कार्यशाळेतल्या सगळ्यांनी हात वर करून मला अध्यक्ष केलंय. आज वर्धापनदिन होता. पाहुण्यांसमोर मला एकच गोष्ट सांगायची होती. आमच्या संडासाच्या दाराला आतून कडी न्हाई. आम्ही आत अडकू म्हणून ती काढून टाकलीय. आता कोणीही येतं आणि दार ढकलतं.

"आपलं आपण बोलायचं," हे मला आमच्या शिक्षिकेनंच शिकवलं, वैशालीताईंनी. भाषणाची तयारीपण त्यांनीच करून घेतली.

आज मला झोकात फेटा बांधला. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढले. मी माईककडे निघाले, तर ताई कानात म्हणाल्या, "राणी, आज चांगला दिवस आहे. कडीचं राहू दे."

आणि माईक माझ्या आईच्या हातात दिला!

"माझं लेकरू लई गुणाचं हाय," म्हणून आई रडली. तिच्याबरोबर सगळा हॉल रडला. मी फेटा बांधून नुसती उभी. ताई टाळ्या वाजवत होत्या.

मगाशी आमच्यातल्या सुनीलचा फोन आला. "अध्यक्ष, सांगितलंस न्हवं कडीचं?"

फोन ठेवला आणि ही पोस्ट बोलायला घेतली.

त्या हॉलमध्ये रडलेलं कोण हे वाचत असेल, तर एवढंच सांगा. तुमच्या घरच्या संडासाला कडी हाय की न्हाई?